कंपनीच्या हातातला शिक्का कुणाचा?

मे 2025 मध्ये गोवा सरकारने ॲपवर चालणाऱ्या टॅक्सींसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा काढला. टॅक्सीवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि म्हापशाच्या बाजारापासून फोंड्याच्या बसस्टँडपर्यंत जिथे चार माणसं चहाला बसतात तिथे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ग्राहकाला हवी ती गाडी हव्या त्या दरात मिळू द्या, सरकारने मध्ये पडू नये, बाजार मोकळा सोडा. दुसऱ्या तटाचं म्हणणं, बाजार मोकळा सोडलात की बाहेरची बडी कंपनी येणार, पहिली दोन वर्षं स्वस्त भाडं लावणार आणि गोंयकाराच्या पोटावर पाय देणार; म्हणून सरकारने आडवं उभं राहिलं पाहिजे. माझा शेजारी स्वतः टॅक्सी चालवतो. तो दोन्ही बाजू ऐकून घेतो आणि गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्यामागे जे आहे ते या दोन्ही तटांच्या बोलण्यात नाही, म्हणून हा लेख.

दोन्ही तट एकच चित्र मनात धरून भांडतात. तराजूच्या एका पारड्यात सरकार आणि दुसऱ्यात कंपनी. एक खाली गेलं की दुसरं वर जाणार. माझ्या मते हे चित्रच खोटं आहे. गोव्यात सामान्य माणसाला कंपनीची जी ताकद आजवर नडली, ती बहुतेक वेळा सरकारी शिक्क्यातून आलेली होती: खाणीचं लीज, जमिनीचं रूपांतर, भूसंपादनाची अधिसूचना, मोजक्यांनाच मिळणारा परवाना. दोन्ही वजनं एकाच पारड्यात पडत होती आणि दुसऱ्या पारड्यात आपण होतो. हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे ओळखणारी जी विचारपरंपरा आहे, तिला आपल्याकडे कंपन्यांची वकील समजून हिणवलं जातं. आणि तिचं नाव घेऊन बोलणारे आपल्यातले अनेकजण तिचा अर्धाच भाग लक्षात ठेवतात.

ही परंपरा लिबर्टेरियनांची, मराठीत म्हणायचं तर व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांची. त्यांच्या विचाराचा गाभा फ्रांझ ओपेनहायमर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने केलेल्या भेदात सापडतो. संपत्ती मिळवण्याचे दोनच मार्ग असतात, असं तो म्हणाला: स्वतः राबून आणि देवाणघेवाण करून, किंवा दुसऱ्याने राबून मिळवलेलं बळाने घेऊन. पहिला आर्थिक मार्ग, दुसरा राजकीय. हा भेद मान्य केला की ‘खाजगी’ आणि ‘सरकारी’ हे शब्द पुरत नाहीत. एखादी खाजगी कंपनी राजकीय मार्गानेच जगत असू शकते. ॲडम स्मिथला आपण मुक्त बाजाराचा आद्य पुरुष मानतो, पण 1776 साली त्याने ज्या संस्थेवर घणाघाती टीका केली ती ईस्ट इंडिया कंपनी होती. ती खाजगी होती, भागधारकांची होती, आणि 31 डिसेंबर 1600 रोजी राणीने दिलेल्या सनदेवर उभी होती. सनद काढून घेतली तर तिची मक्तेदारी उरली असती का? 1773 साली बोस्टनच्या बंदरात जो चहा पाण्यात फेकला गेला, त्यामागेही डबघाईला आलेल्या याच कंपनीला संसदेने दिलेली सवलत होती. म्हणजे ज्या बंडाला मुक्त देशाचा आरंभ मानतात, त्याचा पहिला रोख सरकार आणि कंपनी यांच्या संगनमतावर होता.

लिबर्टेरियनांमध्ये या बाबतीत एकमत मात्र नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कादंबरीकार आयन रँडला मोठे उद्योगपती हे सरकारने छळलेले लोक वाटत. उलट अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डने 1969 साली असं मांडलं की ज्या कंपन्यांचं उत्पन्न मुख्यतः सरकारी तिजोरीतून येतं, त्यांची मालकी खरी खाजगी मानताच येत नाही. पुढे तो स्वतः त्या भूमिकेपासून दूर गेला, पण तर्क त्यामुळे खोटा ठरत नाही. आपल्याकडे 1959 साली स्वतंत्र पक्ष काढणाऱ्या राजाजींनी ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्द रूढ केला तो काही उद्योगपतींची कड घेण्यासाठी नाही. परमिट ज्यांना आधीच मिळालेलं आहे त्यांना ते राज हवंहवंसं वाटतं, हे त्यांनी पाहिलं होतं. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याला सूट-सबसिडी नको, बाजाराचं स्वातंत्र्य द्या असं म्हटलं, तेव्हा त्यांचा सवाल हाच होता: शेतमालाचे भाव पाडून कारखानदाराला कच्चा माल स्वस्त कोण पुरवतं? उत्तर ‘बाजार’ असं नव्हतं. निर्यातबंदी सरकार घालत होतं.

गोव्याच्या इतिहासात हे पुन्हापुन्हा घडलेलं दिसतं. 1878 च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने गोव्यातल्या मिठावरचा ताबा ब्रिटिशांकडे गेला. आपल्या मिठागरांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. दोन सरकारांनी त्यांचा धंदा बांधून टाकला. त्याच तहाने मुरगाव बंदर आणि रेल्वेचा मार्ग मोकळा झाला. त्या रेल्वेचं नावच बघा: वेस्ट ऑफ इंडिया पोर्च्युगीज गॅरंटीड रेल्वे. कंपनी लंडनची, भांडवल खाजगी, पण भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. गाड्या रिकाम्या धावल्या तरी भागधारकाचं नुकसान व्हायचं नाही. ते नुकसान खजिन्याचं, म्हणजे कर भरणाऱ्याचं. आणि पुढे सालाझारच्या काळात तर हे धोरणच झालं. 1931 पासून पोर्तुगालमध्ये नवा कारखाना काढायला सरकारी परवानगी लागू लागली आणि ती देताना जुन्या कारखानदारांचं म्हणणं ऐकलं जाई. हुकूमशहा आणि भांडवलदार एकमेकांचे शत्रू असतात असं मानणाऱ्यांनी हा अर्धशतकाचा काळ डोळ्यांखालून घालावा.

याच राजवटीने गोव्यातल्या खाणींची कन्सेशन्स दिली, आणि तीही कायमस्वरूपी. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतले डोंगरच्या डोंगर मूठभर घराण्यांच्या नावावर झाले. 1961 साली मुक्ती आली, पण कन्सेशन्स मुक्त झाली नाहीत. ती रद्द करून त्यांचं लीजमध्ये रूपांतर करणारा कायदा यायला 1987 उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात सांगितलं की या लीजची कमाल मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. त्यानंतर 2012 पर्यंत जे खनिज निघालं ते सगळं बेकायदेशीर. पाच वर्षं रस्त्यावरून ट्रक धावत होते, बार्जी भरून मांडवी-जुवारीतून मुरगावला जात होत्या, रॉयल्टी भरली जात होती, पावत्या फाडल्या जात होत्या, आणि ज्या कागदावर हे चालू होतं तो कागद मेलेला होता. हे सरकारच्या नजरेआड चाललं का? खात्यांच्या सहीशिवाय यातला एकही ट्रक वजनकाट्यावर चढला नसता.

निकालानंतर काय झालं ते आणखी बोलकं आहे. 12 जानेवारी 2015 रोजी केंद्राचा वटहुकूम आला: यापुढे खाणी लिलावानेच द्यायच्या. त्याच्या आदल्या काही दिवसांत राज्य सरकारने लीज नूतनीकरणाचा धडाका लावला. एकूण 88 लीज लिलावाविना जुन्याच हातांत गेली. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व रद्द केली. 2022 मध्ये एकदाचे लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्याच बोलींत कंपन्यांनी खनिजाच्या मूल्याच्या निम्म्याहून अधिक वाटा सरकारला देऊ केला. आणि 2015 मध्ये तोच माल पंधरा टक्के रॉयल्टीवर चालला होता. मधला फरक म्हणजे काय? उद्योजकाच्या हुशारीचं बक्षीस म्हणता येईल का त्याला? ती शुद्ध सरकारी देणगी होती, आणि ती देताना गोव्यातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्यातून काढून घेतली होती. याला ‘मुक्त बाजार’ म्हणणारा माणूस बाजारही समजून घेत नाही आणि मुक्तीही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. खाणी थांबवल्या त्या कुणी? न्यायालयाने, म्हणजे राज्यसंस्थेनेच. आणि त्याही आधी, गोव्यात दुबळ्याच्या मदतीला सत्ता धावून आली ती कधी? 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा, कसणाऱ्याला मालक करणारी कूळ कायद्याची 1976 ची पाचवी दुरुस्ती. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मर्जीवर ज्यांचं घर उभं होतं, त्यांच्या पायाखाली जमीन सरकारने घातली. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, तरी बहुजनांच्या मतांवर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी शाळा उघडल्या. या भूमीत मराठी वाचणारा माझ्यासारखा माणूस त्या शाळांचं ऋण कसं नाकारेल? मी नाकारत नाही. माझ्या घराण्यात लिहिता-वाचता येणारी पहिली पिढी त्यातूनच निघाली. सरकार हटवा आणि सगळं आपोआप ठीक होईल, असं म्हणणारा गोव्याच्या भाटातून कधी चाललेला नसणार.

पण कूळ कायद्याने नेमकं काय केलं ते बघू. भाटकाराची मोठी जमीन आली कुठून? काही ठिकाणी पोर्तुगीज राजवटीच्या देणग्यांतून, काही ठिकाणी मोडलेल्या देवळांच्या वतनांतून, काही ठिकाणी गांवकारीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, गावाच्या सामायिक जमिनी फोरावर (भाडेपट्ट्यावर) घेऊन. म्हणजे कूळ कायदा हा बाजारावर सरकारने घातलेला घाला नव्हता. जुन्या सरकारांनी वाटलेल्या विशेषाधिकाराची ती अंशतः परतफेड होती. आणि तिचं फळ काय निघालं? सरकारची मालकी वाढली नाही, हजारो लहान मालक तयार झाले. सत्ता एका हातातून दुसऱ्या मोठ्या हातात न जाता विखुरली. राज्यसंस्था जेव्हा विशेषाधिकार मोडते तेव्हा ती आपली असते. जेव्हा वाटते तेव्हा कंपनीची. न्यायालयानेही 2014 आणि 2018 मध्ये नवा अधिकार कुणाला दिला नाही, चुकीने दिलेला काढून घेतला. ‘सरकारला जास्त अधिकार द्या, म्हणजे ते कंपन्यांना आवरेल’ या मागणीत म्हणूनच मला धोका दिसतो. आवरण्यासाठी दिलेला अधिकार वाटण्यासाठी वापरला गेल्याची उदाहरणं आपल्या अंगणातच पडली आहेत. 1894 च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचं एक प्रकरणच होतं. डिसेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मर्यादा घातली, तर पुढच्याच वर्षी कायदा बदलून ती मर्यादा सैल केली गेली. आणि तेही समाजवादाच्या ऐन भरात. केरीच्या पठारावर नायलॉन 6,6 चा कारखाना यायचा होता तेव्हाही गावकऱ्यांसमोर लाठ्या आणि बंदुका घेऊन उभे राहिले ते पोलीस, कंपनीचे रखवालदार नव्हेत. जानेवारी 1995 मध्ये त्यांच्या गोळीने एका तरुणाचा जीव घेतला. आणि ‘सेझ’चं, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचं, काय? लाखो चौरस मीटर जमीन सरकारी महामंडळाने दिली, लोक रस्त्यावर उतरले, 31 डिसेंबर 2007 रोजी मुख्यमंत्र्यांना सेझ गुंडाळल्याची घोषणा करावी लागली. आणि जमिनी परत घेताना 2018 मध्ये अडीचशे कोटींहून अधिक रक्कम कंपन्यांना चुकती करण्याचं ठरलं. देताना आपल्याला विचारलं नाही, फेडताना पैसे आपले.

समोरच्या तटाला, म्हणजे माझ्या मुक्त-बाजारवाल्या मित्रांनाही दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ते म्हणतात, माझी जमीन, मी तिथे घर बांधीन नाहीतर हॉटेल, नगरनियोजन खातं कोण मला अडवणार? वरवर हे शंभर टक्के व्यक्तिस्वातंत्र्याचं वाक्य आहे. पण 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) घालून जे सुरू झालं ते हे स्वातंत्र्य होतं का? प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका दुरुस्त’ करण्याच्या नावाखाली एकेका अर्जदाराचा एकेक तुकडा भातशेतीतून, बागायतीतून वस्तीत टाकला जाऊ लागला. शेजारच्या तुकड्याला तोच नियम नाही. स्वातंत्र्य असतं तर ते दोघांनाही मिळालं असतं. एका सहीने ज्याचा भाव कैक पटीने वाढतो आणि दुसऱ्याचा तिथेच राहतो, ती मेहेरबानी. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली, तेव्हा आनंद पर्यावरणवाद्यांना झाला. तो लिबर्टेरियनांनाही व्हायला हवा होता. अमेरिकेत 2005 साली केलो विरुद्ध न्यू लंडन या खटल्यात नगरपालिकेने विकासाच्या नावाखाली लोकांची घरं घ्यायला काढली. त्या घरमालकांची बाजू सर्वोच्च न्यायालयात लढवली ती एका लिबर्टेरियन वकील-संस्थेने. खटला पाच विरुद्ध चार मतांनी हरला. ज्या औषध कंपनीच्या भोवती ती सगळी योजना आखली होती ती पुढे शहर सोडून गेली आणि घरं पाडलेली जागा कित्येक वर्षं ओसाड पडून राहिली. आपल्याकडचे बाजारवादी अशा वेळी कुठे असतात? पेडण्यातल्या किंवा केपेतल्या कुळाच्या बाजूने, त्याच्या मालकी हक्काच्या नावाने त्यांनी किती लढे दिले?

कॅसिनोचंही तसंच. प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने जुगार खेळावा की नाही, हे सरकारने ठरवू नये, हा युक्तिवाद मला पटण्यासारखा आहे. पण गोव्यात 1976 चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांना आणि 1996 च्या दुरुस्तीने जहाजांना त्यातून वाट काढून दिली. नाक्यावर मटक्याची चिठ्ठी फाडणारा गुन्हेगार, आणि मांडवीतल्या रोषणाईच्या जहाजावर तोच खेळ प्रतिष्ठित धंदा. एकाच कृत्याला दोन कायदे असतील तर त्यातून स्वातंत्र्य निघत नाही, मूठभर परवान्यांची किंमत तेवढी वाढते. बंदी जितकी कडक, तितका अपवाद महाग.

इथवर मी त्या परंपरेसोबत आहे. एका वळणावर मात्र माझी वाट वेगळी होते. शिक्का काढून घेतला की त्यातून आलेली ताकद आपसूक जिरते, असं अनेक लिबर्टेरियन गृहीत धरतात. तसं होत नाही. सत्तरच्या दशकात सरकारने अनुदानं आणि कर्जं देऊन यांत्रिक ट्रॉलर आणवले. ते ज्यांच्याकडे आधीच पैसा होता त्यांच्या हाती गेले. किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या रापणकाराच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली. रापणकारांनी दीर्घ लढा दिला तेव्हा 1980 मध्ये किनाऱ्यालगतचं पाणी राखून ठेवणारा कायदा आला. उद्या अनुदान बंद करून ‘आता सगळे समान, खुली स्पर्धा’ म्हटलं तर ट्रॉलर आणि रापण समान होतात का? चोरीचा माल वाटून झाल्यावर मालमत्तेच्या पावित्र्याची घोषणा केली तर तिचा फायदा कुणाला होणार? आधी हिशेब, मग मोकळीक. आणि ज्यांनी रॉथबार्ड वाचला आहे त्यांना हेही ठाऊक असेल की त्याच्या लेखी प्रदूषण म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवरचं अतिक्रमण. मग डिचोलीतल्या शेतात पावसाबरोबर उतरणारा खाणीचा गाळ, मुरगावात खिडकीच्या गजांवर बसणारी कोळशाची काळी भुकटी, यांना अतिक्रमण म्हणायला संकोच का? तिथे ‘विकासात अडथळा नको’ हे वाक्य बाजारवाद्यांच्या तोंडी येतं तेव्हा ते आपलंच तत्त्व मोडत असतात.

यावर ‘पण खाणींवर लोकांची पोटं होती’ असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. सांखळी, उसगाव, कुडचडे या पट्ट्यात 2012 नंतर जे झालं ते मी पाहिलं आहे. अंगणात गंजत उभे ट्रक, बँकेच्या नोटिसा, मुलांच्या शाळेच्या फिया थकलेल्या. या लोकांनी कुणाची चोरी केली नव्हती. त्यांचा राग न्यायालयावर आणि पर्यावरणवाद्यांवर निघाला, कारण तेच समोर दिसत होते.

आणि म्हणून टॅक्सीच्या वादात मला ‘ॲप हवं की नको’ हा प्रश्न दुय्यम वाटतो. पहिले प्रश्न वेगळे आहेत. विमानतळावरचा काउंटर कुणाला मिळतो आणि कोणत्या अटींवर? 2018 मध्ये गोवा माइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं ते पर्यटन विकास महामंडळाशी करार करून आलं. उद्या चालकांच्या सहकारी संस्थेने स्वतःचं ॲप काढलं तर तिला तोच दरवाजा उघडा असेल का? हॉटेलाबाहेरचा स्टँड ठराविक गाड्यांसाठीच राखीव का असावा, आणि तो मोडायचा तर त्याच्या जागी दुसऱ्या एकाचा मक्ता का यावा? परवाना रद्द करण्याचा अधिकार कुणाच्या मर्जीवर आहे? कंपनीला घाबरणाऱ्यांनी आणि सरकारला घाबरणाऱ्यांनी एकत्र बसून हे प्रश्न विचारले तर मसुद्याची पानंच वेगळी लिहावी लागतील.

माझ्या त्या शेजाऱ्याला मी गेल्या आठवड्यात विचारलं, तू काहीच का बोलत नाहीस? त्याच्याकडे टॅक्सीच्या आधी ट्रक होता. 2010 साली कर्ज काढून घेतलेला, खनिजाच्या वाहतुकीसाठी. दोन वर्षांत तो उभा राहिला आणि भंगाराच्या भावात गेला. गाडी पुसता पुसता तो म्हणाला, “लीज 2007 मध्येच संपलेलं, हे सरकारला ठाऊक, कंपनीला ठाऊक. माझ्या ट्रकाची नोंदणी करून घेताना मात्र कोणी सांगितलं नाही. आता या ॲपच्या कागदात काय संपलंय आणि काय चालू आहे, ते तू वाचून सांगशील?”